वर्षभराचे कपडे घरी शिवायचे, तर सुरुवात कुठून करावी?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा : तुम्ही शिवणवर्गाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे, घरात सरळ टिपेची साधी मशीन आहे आणि येत्या वर्षभरात तयार कपडे विकत न घेता स्वतः शिवलेलेच कपडे वापरायचे असे ठरवले आहे. डोंबिवलीहून रोज लोकलने मुंबईतल्या कार्यालयात जाता, आठवड्याचे सहा दिवस काम असते आणि बहुतेक वेळा कुर्ता व पँट असाच वेष असतो. पंचवीस कपड्यांची यादी तुम्ही तयार केली आहे, ट्रंकेत घेऊन ठेवलेल्या कापडांचा ढीग आहे, पाच कुर्ते शिवूनही झाले आहेत. मात्र त्यांपैकी एकच अंगावर चढतो. यादी बरोबर आहे का, कोणते कापड किती घ्यावे आणि इंटरलॉक मशीन (कापडाच्या कापलेल्या कडा सुटू नयेत म्हणून दोऱ्याने बांधणारी) घ्यावी का, हे तुम्हाला हवे आहे.

यादी मी वाचली आणि बाजूला ठेवली. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न न वापरल्या जाणाऱ्या चार कुर्त्यांचा आहे, कारण ते का वापरले जात नाहीत हे कळल्याशिवाय पुढचे पंचवीस कपडेही त्याच चौघांच्या रांगेत जाऊन बसतील. म्हणून आधी पाचही कुर्ते पलंगावर पसरा आणि वही घ्या. जो वापरता त्याचे कापड, उंची, बाहीची लांबी, गळ्याची रुंदी, बगलेतली मोकळीक आणि तो कोणत्या पँटवर घालता हे लिहा. उरलेल्या चौघांपुढे प्रत्येकी एकच कारण लिहा, पण ते प्रामाणिक असू द्या. ‘आवडत नाही’ हे कारण नव्हे. ‘खाली घालायला काही नाही’, ‘इस्त्रीशिवाय घालता येत नाही’, ‘आतून स्लिप घालावी लागते’, ‘हात वर केला की कुर्ता पोटापर्यंत येतो’ ही कारणे झाली.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या आणि शिवून घ्यायला येणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या स्त्रियांमध्ये मला हीच चार कारणे पुन्हा पुन्हा दिसतात, आणि त्यांतली तीन तर शिवणकामाची नसतातच. ती कापड निवडतानाच ठरून गेलेली असतात. दुकानात पसरलेले अजरख किंवा इकत पाहून आपण तीन मीटर कापून घेतो, कारण ते कापड म्हणून सुंदर असते. ते कशावर घालायचे, किती वेळा धुतले जाईल आणि त्याला रोज इस्त्री कोण करणार हे प्रश्न घरी आल्यावर पडतात. शिवणकामाशी संबंधित असते ते एकच कारण, म्हणजे कपडा अंगावर नीट न बसण्याचे, आणि त्याबद्दल मी पुढे सविस्तर लिहिते, कारण वर्गात ते घाईने शिकवले जाते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या तुम्हीच ठरवायच्या. कार्यालयात आठवड्यातून दोन दिवस साडी नेसावी लागत असेल, तर कुर्ते कमी आणि दोन-तीन साध्या रंगांचे, अनेक साड्यांवर चालतील असे टू बाय टूचे (ब्लाऊजसाठीच्या साध्या सुती कापडाचे) ब्लाऊज जास्त, असा हिशेब होईल. वजन सध्या कमी-जास्त होत असेल, तर अंगाबरोबर बसणारे काहीही वर्षभर शिवू नये. घरी इस्त्री करायला वेळ नसेल आणि इस्त्रीवाल्याकडे कपडे टाकण्याची सवय नसेल, तर कडक सुती कापड कितीही आवडले तरी ते तुमच्यासाठी नाही, एवढे मान्य करावे लागते.

आता संख्या. कपडे किती हवेत हे आवडीवरून काढण्यापेक्षा धुण्याच्या फेऱ्यावरून काढावे, असे माझे मत आहे. समजा, तुम्ही बुधवारी आणि रविवारी कपडे धुता आणि कुर्ता एकदा घालून धुवायला टाकता. सोमवार ते बुधवार तीन कुर्ते लागले. ते धुवून, वाळवून, इस्त्री होऊन हाताशी येईपर्यंत शुक्रवार-शनिवार उजाडतो, म्हणजे गुरुवार ते शनिवारसाठी आणखी तीन हवेत. एखाद्यावर चहा सांडला तर म्हणून एक जादा. झाले सात. मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात जाड सुती कपडा पंख्याखालीही दोन दिवस ओलसर राहतो, त्यासाठी आणखी दोन धरा. नऊ झाले, त्यांपैकी एक तुमच्याकडे आहेच. गडद रंगाची पँट दोनदा घालता येते, त्यामुळे चार पुरतात. त्यांतली एक घोट्याच्या वर राहणारी आणि लवकर वाळणारी असावी. म्हणजे शिवायचे आहेत आठ कुर्ते आणि चार पँट, महिन्याला एक कपडा. नोकरी सांभाळून नवीन शिकलेल्या व्यक्तीने करण्याजोगे काम एवढेच असते. पंचवीसच्या यादीत तुम्ही दोन अनारकली आणि एक अस्तराचे जॅकेट लिहिले आहे. ते शिवू नका असे मी म्हणत नाही, पण ते या हिशेबाच्या बाहेरचे हौसेचे काम आहे असे समजून वेगळ्या पानावर लिहा.

शिवायला सुरुवात पँटपासून करा. बहुतेक जणी उलट करतात, कारण कुर्ता दिसतो आणि पँट दिसत नाही. परंतु खाली घालायचे रंग आधी ठरले, की वरच्या कापडाची निवड आपोआप आवळली जाते आणि ‘खाली घालायला काही नाही’ ही तक्रार मुळातूनच संपते. काळी किंवा गडद निळी, एक तपकिरी वा राखाडी, एक मातकट पांढरी आणि चौथी तुमच्या आवडीची, एवढे पुरे. त्यानंतर दुकानात कोणतेही कापड उलगडले गेले, की या चारांपैकी निदान दोघींवर ते जाईल का, एवढेच स्वतःला विचारायचे.

पँट बसवण्याची सगळी गोम आसनात, म्हणजे दोन पायांच्या मधून पुढून मागे जाणाऱ्या शिवणीत असते. पट्ट्यात इलॅस्टिक असले तरी आसन चुकले तर पँट चुकते. मांजरपाटाची (स्वस्त, कोऱ्या सुती कापडाची) कच्ची पँट गुडघ्यापर्यंतच शिवा, घाला आणि खुर्चीवर बसा. बसल्यावर मागचा पट्टा खाली ओढला जाऊन पाठ उघडी पडत असेल, तर नवशिकी व्यक्ती घेर वाढवते. त्याने पँट पोत्यासारखी होते आणि पट्टा तरीही ओढला जातो. अशा वेळी मागच्या आसनाची उंची मध्यभागी एक ते दीड इंच वाढवून बाजूच्या शिवणीपर्यंत शून्यावर आणायची असते. पुढच्या बाजूला आसनापासून मांड्यांकडे जाणाऱ्या तिरप्या चुण्या पडत असतील, तर पुढच्या आसनाची गोलाई अंगाला अपुरी पडते आहे. तेथे पाव-पाव इंचाने टीप बदलत जावे आणि प्रत्येक वेळी पुन्हा बसून पाहावे.

आता कुर्त्याचे बसणे. शिवणवर्गात आपल्याला छातीच्या मापावरून खांदा, गळा आणि मुंढा (बाही जोडण्यासाठीची गोलाई) काढण्याचे सूत्र शिकवले जाते. ते सूत्र सरासरी बांध्यासाठी असते. छाती भरलेली पण हाडपेर लहान असलेल्या स्त्रीच्या बाबतीत त्याच मापावरून खांदा मोठा निघतो, गळा घसरतो आणि मुंढ्याजवळ फुगा येतो. मग आपण खांद्यात टीप घेतो आणि गळा वाकडा होतो. यावर माझा उपाय असा, की मापे घेताना छातीच्या सर्वांत भरलेल्या भागाबरोबरच बगलेतून, छातीच्या वरून जाणारे दुसरे मापही घ्यावे. दोहोंत दोन इंचांपेक्षा जास्त फरक असेल, तर खांदा, गळा आणि मुंढा वरच्या मापाने आखावा आणि छातीसाठी लागणारी जागा पुढच्या भागात बाजूच्या टक्समधून (फुगवटा देण्यासाठी घेतलेल्या निमुळत्या चुणीतून) द्यावी. ‘कुर्त्याला कशाला टक्स’ असे म्हणून वर्गात तो सोडून देतात, पण तुमच्या चार कुर्त्यांपैकी निदान दोघांत तो नसण्याचीच तक्रार असेल असा माझा अंदाज आहे.

लोकलमध्ये वरचे हँडल धरले की कुर्ता वर चढतो, असे तुम्ही लिहिले आहे. जवळजवळ प्रत्येक जण यावर मुंढा खाली उतरवतो, आणि त्याने त्रास वाढतो. कारण सोपे आहे : बाही आणि कुर्ता बगलेत जिथे जोडलेले असतात ती जागा जितकी खाली, तितका हात उचलताना कुर्त्याचा बाजूचा भाग हाताबरोबर वर खेचला जातो. मुंढ्याचे टोक बगलेच्या साधारण एक इंच खाली असावे, त्याहून खाली नको. मोकळीक द्यायची ती बाहीत द्यावी. बाहीच्या वरच्या गोलाईची उंची जितकी जास्त, तितकी बाही हात खाली असताना देखणी दिसते आणि हात वर करताना आडवी येते. म्हणून कागदावर ती उंची एक इंचाने कमी करा, आणि दोन्ही बाजूंची बगलेची टोके बाहेर सरकवत न्या, ती कुठवर, तर नव्या गोलाईची लांबी मुंढ्याच्या लांबीइतकी होईपर्यंत. ही लांबी मोजताना टेप कागदावर आडवी न टेकवता कडेवर उभी धरावी, म्हणजे ती वळणाबरोबर वळते. असे केल्यावर हात खाली असताना बगलेत थोड्या चुण्या दिसतील. रोजच्या कुर्त्यात त्या चालवून घ्याव्यात. बगलेत शिवण काचत असेल तर मात्र तक्रार वेगळी आहे, आणि तेवढ्यापुरता मुंढा पाव ते अर्धा इंच खाली कोरायला हरकत नाही.

हे सगळे चांगल्या कापडावर करून पाहू नये. दीड मीटर मांजरपाट आणा, कुर्ता सीटपर्यंतच (नितंबांच्या सर्वांत रुंद भागापर्यंत) कापा, एकच बाही लावा, रंगीत दोऱ्याने लांब टाक्याची कच्ची टीप मारा आणि घालून हात वर करा, वाका, खांद्यावर पर्स अडकवा. पाठीचा फोटो कोणाकडून तरी काढून घ्या, कारण आरशात पाठ पाहायला वळलो की कुर्ताही वळतो आणि दोष लपतो. दुरुस्त्या झाल्या की मांजरपाट उसवून त्यावरून खाकी कागदावर नमुना उतरवा. त्यावर तारीख, तेव्हाची मापे, शिवणीची माया (शिवणीबाहेर ठेवलेले जादा कापड) धरली आहे की नाही आणि उभ्या धाग्याची खूण ठळक लिहा. माया लिहिलेली नसलेला नमुना चार महिन्यांनी हातात आला, की तो धरली आहे समजून कापला जातो आणि कुर्ता चार इंच घट्ट होतो. माझ्या वर्गात हा प्रकार दरवर्षी घडतो.

हा एकच नमुना तुमचे आठही कुर्ते देईल. खांदा, मुंढा आणि टक्स यांना हात लावायचा नाही. बाकी सारे बदलता येते. गोल गळा, पट्टी लावलेला उभा कॉलर, पुढे अर्ध्यापर्यंत बटणपट्टी, कोपरापर्यंत किंवा मनगटापर्यंत बाही, गुडघ्याच्या वर किंवा पोटरीपर्यंत उंची, खाली सरळ कड किंवा गोल वळवलेली कड. समोरच्याला आठ वेगळे कुर्ते दिसतात आणि तुम्हाला प्रत्येक वेळी बसण्याची धाकधूक राहत नाही. दर कुर्त्याला नवा नमुना उतरवत बसण्याच्या सवयीला माझा विरोध आहे. तिने हात शिकत नाही, नुसती यूट्यूबची यादी संपते.

कापड किती घ्यावे, हा तुमचा दुसरा प्रश्न. दुकानदार सरसकट ‘अडीच मीटर घ्या’ म्हणतो. पण उत्तर पन्ह्यावर (कापडाच्या रुंदीवर) आणि सीटच्या मापावर ठरते, आणि हा हिशेब एकदा स्वतः केला की पुन्हा कोणाला विचारावे लागत नाही. तुमची सीट ४० आणि कुर्त्याची उंची ४० इंच असे तुम्ही कळवले आहे. सीटमध्ये चार इंच मोकळीक धरली तर ४४, त्याचा चौथा भाग ११ आणि एक इंच माया मिळून १२ इंच. म्हणजे पुढचा भाग उलगडल्यावर २४ इंच रुंद, मागचाही तेवढाच. कापड ४४ इंच पन्ह्याचे असेल तर दोन्ही भाग शेजारी-शेजारी बसत नाहीत, एकाखाली एक ठेवावे लागतात. खालची दुमड व खांद्याची माया धरून एक भाग ४३ इंच, दोन मिळून ८६ इंच, म्हणजे जवळजवळ २.२० मीटर. शेजारी २० इंच रुंदीची लांब पट्टी उरते. त्यात १७ इंच रुंद आणि १९ इंच लांब अशा दोन बाह्या एकाखाली एक आरामात निघतात आणि शिवाय गळ्याची पट्टी व खिसे निघतात. कापड आटण्याचा वाटा धरून अडीच मीटर. येथे दुकानदाराचे बरोबर आहे.

पण तेच हातमागाचे कापड ३६ इंच पन्ह्याचे असेल, तर शेजारची पट्टी फक्त १२ इंच उरते, तिच्यात बाही मावत नाही, ती खाली वेगळी कापावी लागते आणि हिशेब १०६ इंचांवर, म्हणजे २.७० मीटरवर जातो. तेथे तीन मीटर घ्यावे. उलट ५८ इंच पन्ह्यात पुढचा व मागचा भाग शेजारी बसतात, बाह्या खाली येतात आणि पावणेदोन मीटरमध्ये कुर्ता होतो. सीट ३६ किंवा त्याहून कमी असलेल्या व्यक्तीला ४४ पन्ह्यातही दोन्ही भाग शेजारी बसवता येतात. दोन्ही काठ मध्यावर आणून घडी घातली की प्रत्येक बाजूला दुहेरी ११ इंच मिळतात आणि तिचे माप तेवढ्यातच बसते. पँटसाठी ५८ पन्ह्याचे कापड शोधाच : सव्वा ते दीड मीटर पुरते, ४४ पन्ह्यात मात्र अडीच मीटरपर्यंत जावे लागते. एकाच दिशेची नक्षी किंवा मोठ्या चौकटी असतील तर जुळवणीसाठी पाव ते अर्धा मीटर जास्त धरा.

कापड आणले की कापायच्या आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा आणि ओलसर असतानाच इस्त्री फिरवा. न भिजवलेले सुती कापड पाच टक्के आटले, तर अडीच मीटरमध्ये साडेबारा सेंटिमीटर गेले, म्हणजे पाच इंच. तेच शिवल्यानंतर झाले तर ४० इंचांचा कुर्ता ३८ वर येतो. अस्तरही भिजवा, ब्लाऊज पहिल्या धुण्यात चुरगळल्यासारखा दिसू लागतो त्याचे कारण बहुधा न भिजवलेले अस्तर असते. रंग जाणारी कापडे वेगळी भिजवून पाणी निवळ येईपर्यंत धुवावीत. त्या पाण्यात मूठभर मीठ टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मीठ कापड रंगवताना उपयोगी पडते, रंगवून झालेल्या कापडाचा सुटणारा रंग त्याने बांधला जात नाही.

कोणते कापड कशाला, याबाबत थोडक्यात सांगते. कुर्त्याला केंब्रिक, मध्यम जाडीचे सुती किंवा मंगळगिरी उत्तम. ते कापताना सरकत नाही, टीप सरळ येते आणि चूक उसवली तरी भोके दिसत नाहीत. मलमल उन्हाळ्यात सुखाची, पण आत काही घालावे लागते आणि खिशाचे वजन तिला पेलत नाही. रेयॉन दुकानात मोह घालते, कारण ते लोंबते छान. परंतु ते कात्रीखाली सरकते, भिजल्यावर कमजोर होते आणि बरेच आटते, म्हणून पहिले तीन-चार कुर्ते होईपर्यंत ते लांब ठेवा. पँटला पॉपलिन नको. गुडघ्यात फुगते आणि उजेडात पाय दिसतात. कॉटन फ्लेक्स, ड्रिल किंवा थोडे जाड लिनन घ्या. मुंबईत मंगलदास मार्केट आणि दादरला हिंदमाता परिसर, पुण्यात रविवार पेठ येथे हे सर्व मिळते. जाताना पँटच्या चारही कापडांचे चिंधीएवढे तुकडे पर्समध्ये ठेवा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली आठवणीतला रंग दगा देतो.

खिशाविषयी दोन शब्द, कारण रोज प्रवास करणाऱ्या व्यक्तीचा कुर्ता खिशाशिवाय अपुरा आहे. बाजूच्या शिवणीत खिसा घालताना अडचण येते ती कटची, म्हणजे बाजूच्या उघड्या चिरेची. कंबर खांद्यापासून साधारण १५ इंचांवर आणि कट २२ इंचांवर सुरू होत असेल, तर खिशाच्या तोंडाला मधले सात इंचच मिळतात. सहा इंचांचे तोंड त्यात बसते, पण खिशाची पिशवी कटच्या खाली लोंबते आणि चालताना बाहेर डोकावते. ती पिशवी फक्त पुढच्या भागाकडे वळवून तिची कड कुर्त्याच्या आतून दोन-चार टाक्यांनी अडकवून टाकावी. आणि खिशाच्या तोंडाच्या शिवणीत कापडाच्या काठाची पाऊण इंचाची पट्टी आतून धरून टीप मारावी. काठ ताणला जात नाही, त्यामुळे मोबाइलच्या वजनाने तोंड झोळीसारखे सुटत नाही.

कामाचा क्रम लावताना एकाच दोऱ्याच्या रंगात बसणारे दोन कपडे एकत्र कापा. एका संध्याकाळी फक्त आखणे व कापणे, दुसऱ्या दिवशी खांदे, गळे आणि टक्स, मग बाह्या, मग बाजू, शेवटी तुरपाई, असे तुकडे पाडले तर नोकरीनंतरच्या तासाभरातही काम पुढे सरकते. थकल्यावर कापू नका. शिवलेले उसवता येते. केंब्रिकला १४ नंबरची सुई, मलमलीला ११, फ्लेक्स-ड्रिलला १६, आणि साधारण आठ तास शिवून झाले की सुई बदला. टाके तुटणे, दोरा सुटणे या ज्या तक्रारींसाठी मशीन दुरुस्तीला नेली जाते, त्यांतल्या बऱ्याच नव्या सुईने मिटतात. बाजूच्या शिवणीत माया पूर्ण एक इंच ठेवा, म्हणजे वर्षभरात अंग थोडे भरले तरी कुर्ता कामाचा राहतो. काजे तुमच्या सरळ टिपेच्या मशीनवर होणार नाहीत. बाजारात काज-बटण करून देणारी दुकाने असतात, तिथे दोन-तीन कुर्ते एकदम न्यावेत.

ट्रंकेतला ढीग बाहेर काढून प्रत्येक तुकड्याला पन्हा आणि लांबी लिहिलेली चिठ्ठी टाचा. वरच्या हिशेबात बसणारे आणि चारपैकी दोन पँटवर जाणारे तुकडे एका बाजूला येतील. त्यांतूनच चार-पाच कुर्ते निघावेत असे वाटते, म्हणजे निम्मी खरेदी झालेलीच आहे. दोन मीटरच्या आतले तुकडे बिनबाह्यांच्या आखूड कुर्त्यांना, ब्लाऊजला, खिशांना आणि गळ्याच्या पट्ट्यांना जातील. रेशमी आणि जरीचे वेगळे बांधून ठेवा. हे चार-पाच कुर्ते होईपर्यंत पँटच्या कापडाखेरीज काही विकत घेऊ नये, असे मी सुचवेन.

राहिली इंटरलॉक मशीन. आत्ता घेऊ नका. मलमल आणि पातळ सुतीला फ्रेंच सीम (आधी सुलट, मग उलट बाजूने मारलेली दुहेरी शिवण) घाला. कड आत बंद होते आणि इंटरलॉकपेक्षा नीटनेटकी दिसते. फक्त एक इंच मायेच्या बाजूच्या शिवणीला ती सोयीची नाही, कारण पुढे सैल करता येत नाही. तिथे आणि पँटच्या जाड कापडाला इंटरलॉक हवेच, आणि ते काज-बटणवाल्याकडेच मीटरच्या भावात किंवा कपड्यामागे करून मिळते. शिवण्याआधी कापलेले भाग नेऊन कडा करून आणल्या तर काम अधिक स्वच्छ होते. मशीनच्या वाचलेल्या पैशांतून चांगली वाफेची इस्त्री आणि बाहीत घालता येईल असा अरुंद इस्त्रीचा पाट घ्या, आणि प्रत्येक शिवण पुढची टीप मारण्याआधी दाबून घ्या. चार पँट आणि आठ कुर्ते पूर्ण झाल्यावरही दुकानात फेऱ्या मारणे जड वाटत असेल, तर तीन दोऱ्यांची साधी इंटरलॉक पुरेशी आहे. मात्र घेण्याआधी तुमच्या फ्लेक्सचा आणि मलमलीचा तुकडा नेऊन, दोहोंवर ती चुण्या न पाडता चालते का, हे दुकानातच पाहून घ्या.